आधी रीड पाहा

खोपोली मागे टाकून शिंग्रोबाच्या देवळाकडे चढायला लागले की जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलची तब्येत लपत नाही. तळेगाव ते कामशेत या सपाटीवर साठच्या वेगाने धावणारी यामाहा आरएक्स 100 आपली बरीच दुखणी झाकून नेते. आरपीएम वर असतात, ओझे कमी असते. घाटातल्या वळणावर मात्र वेग पडतो, गाडी दुसऱ्या गिअरवर येते, रेस पुन्हा वाढवली जाते आणि इंजिनाला कमी आरपीएमवर जोर काढावा लागतो. सशक्त गाडी तिथून निमूट उचल घेते. रीड थकलेली गाडी आधी बुडते, भकभक करते, निळसर धूर टाकते आणि आरपीएम वर सरकले की एकदम मोकळी होऊन पळू लागते. मालक लोणावळ्यात पोचल्यावर मिस्त्रीला सांगतो, ‘‘वर छान पळते, खालीच मरते.’’

त्या एका वाक्यात निदान जवळजवळ पूर्ण असते. तरीही गॅरेजात पुढे जे घडते त्याचा क्रम ठरलेला आहे. कार्बोरेटर उघडून साफ होतो, प्लग बदलला जातो, जेट एक नंबर लहान होते, नीडलची क्लिप वर चढते. आठवड्याने गाडी त्याच तक्रारीसह परत येते. मग ब्लॉक उतरतो, बोअर होतो, नवा पिस्टन आणि रिंगा पडतात. नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन वाढते, म्हणून काही दिवस बरे वाटते. पुढच्या वेळी घाट चढताना गाडी पुन्हा त्याच वळणावर बुडते, आणि आता मालकाचे खिसेही रिकामे झालेले असतात.

हे छोटे पुस्तक त्या ठरलेल्या क्रमाविरुद्ध लिहिले आहे. ब्लॉकला हात लावण्याआधी रीड पाहा, इतकेच त्याचे सांगणे. एवढ्याशा गोष्टीसाठी पुस्तक कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर ब्लॉकच्या लोखंडात आहे. आरएक्स 100 चा बोअर 50 मिमी आणि स्ट्रोकही 50 मिमी. हिशेब केला तर 98 सीसी. बोअर झिजला की तो किंचित मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन घालतात. हे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात आणि साधारण 1 मिमीपर्यंतच ही वाढ करण्याची रीत आहे. म्हणजे ब्लॉकला मोजून चार जन्म. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने 1985 च्या अखेरीस आणलेली ही गाडी 1996 मध्ये बंद झाली. मूळ ब्लॉक आता कारखान्यातून येत नाहीत. जे आहेत ते गाड्यांवरच आहेत. रीडच्या दुखण्यासाठी केलेला प्रत्येक बोअर त्या चारांतला एक जन्म फुकट खातो. ज्या कामाला मॅनिफोल्डचे बोल्ट सोडून अर्धा तास पुरतो, त्यासाठी परत न मिळणारे लोखंड कातरून टाकायचे, हे मला पाहवत नाही.

आता रीड म्हणजे काय, ते मुळापासून सांगतो, कारण निदान त्यातूनच निघते. चार-स्ट्रोक इंजिनात हवा आणि पेट्रोल घेण्यासाठी डोक्यावर व्हॉल्व्ह असतात. टू-स्ट्रोकमध्ये ते काम पिस्टनच्या खालची बाजू करते. पिस्टन वर जातो तेव्हा क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण क्रँककेसमध्ये दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये शिरते. अडचण दाबण्याच्या वेळी येते. दाबलेले मिश्रण पुढे जायच्या ऐवजी आल्या वाटेने कार्बोरेटरकडे परत का जाऊ नये? त्याला अडवायला कोणीतरी हवे. लोहाराच्या भात्याला आतून चामड्याची झडप असते. भाता उघडला की ती उचलली जाते, दाबला की बसते, आणि वारा फक्त भट्टीकडे जातो. रीड व्हॉल्व्ह तेच काम करतो, फक्त चामड्याऐवजी पोलादाची किंवा फायबरची पातळ पत्ती असते.

टू-स्ट्रोकचा इतिहासही या झडपेभोवती फिरून आला आहे. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे याने 1890 च्या सुमारास क्रँककेसमध्ये मिश्रण दाबणारे साधे इंजिन केले, तेव्हा त्याला आत येणाऱ्या वाटेवर झडप होती. त्याच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक याने 1892 मध्ये ती झडप काढून टाकली आणि पिस्टनच्या खालच्या कडेनेच वाट उघडण्या-झाकण्याची युक्ती काढली. इंजिन स्वस्त आणि साधे झाले आणि पुढची कित्येक दशके हीच पद्धत चालली. आपल्याकडच्या राजदूत 175 आणि येझदी या त्याच घराण्यातल्या. पण पिस्टनच्या कडेने उघडणाऱ्या वाटेला डोके नसते. पिस्टन वर जाताना जितका वेळ ती उघडी, खाली येताना तितकाच वेळ उघडी; कमी आरपीएमवर मिश्रणाचा काही भाग मागे फिरतोच. यामाहाने 1972 पासून आपल्या गाड्यांत ‘टॉर्क इंडक्शन’ या नावाने रीड बसवायला सुरुवात केली, ती हाच दोष काढायला. डे यांची काढून टाकलेली झडप अशी ऐंशी वर्षांनी मोटारसायकलवर परतली. आरएक्स 100 घाटात तिच्या आकाराच्या मानाने इतकी जोरकस का वाटते, याचे निम्मे उत्तर त्या पत्तीत आहे.

म्हणूनच गॅरेजात गाडी आली की पहिला प्रश्न असा, हिला रीड आहे का? आरएक्स 100, तिच्यानंतरची आरएक्स 135 आणि 1983 मध्ये आलेली दोन सिलिंडरांची राजदूत 350, या तिघींना आहे. किनेटिक होंडाच्या 98 सीसी स्कूटरलाही आहे. चेतकला नाही, तिथे क्रँकचा स्वतःचा वेबच फिरता फिरता वाट उघडतो आणि झाकतो. दुधाचे कॅन वाहून म्हातारी झालेली राजदूत 175 असेल तर रीड शोधण्यात वेळ घालवू नका. इंद्रायणी तांदळाच्या खाचरांच्या बांधावर गवत कापायला आता जी ब्रश कटर यंत्रे सर्रास दिसतात, त्यांतली कित्येक पिस्टन-पोर्टची आहेत, काहींना कार्बोरेटरमागे बारीक रीड असते. यंत्र उघडूनच खात्री करावी. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग चालते हे सर्वांना ठाऊक आहे. जे लोक पाठीला इंजिन बांधून पॅरामोटरने उडतात, त्यांचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक आणि रीडचेच असते, आणि हवेत पिकअप गेला तर रस्त्याकडेला उभे राहण्याची सोय नसते. कोकणातल्या होड्यांची जुनी आउटबोर्ड मोटर, गुलमर्गच्या आणि सियाचीनच्या बर्फावर चालणारी टू-स्ट्रोक स्नो-स्कूटर, यांतल्या कित्येकांच्या पोटात हीच पत्ती फडफडते. तिथे बर्फ, इथे पाऊस. पत्ती मरते त्याच कारणांनी.

ती किती काम करते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला रीड एकदा उघडून मिटते. आरएक्स 100 ची कमाल ताकद 7500 आरपीएमला मिळते, म्हणजे सेकंदाला 125 वेळा. घाट चढायला वीस मिनिटे लागली आणि सरासरी 5000 आरपीएम धरले, तर एका चढात पत्तीने एक लाख वेळा डोके उचलून परत आपटलेले असते. पोलादी पत्तीची जाडी साधारण 0.2 मिमी. इतका पातळ धातू इतक्या वेळा वाकल्यावर थकणार, यात नवल नाही. आरएक्स 100 ची शेवटची गाडी बाहेर पडल्यालाही आता तीन दशके होत आली. तेव्हापासून तीच पत्ती आत असेल तर तिच्याकडून आणखी काय मागायचे?

पत्ती तीन-चार तऱ्हांनी जाते. पहिली तऱ्हा सर्वांत फसवी: ती तुटत नाही, तडकत नाही, फक्त तिचा ताठपणा जातो आणि टोक बैठकीवर पूर्ण टेकेनासे होते. डोळ्याला पत्ती अखंड दिसते आणि मिस्त्री ती तशीच परत बसवतो. दुसरी, स्क्रूजवळच्या मुळाशी केसासारखा तडा जातो. तिसरी, टोकाचा कोपरा उडतो. फायबरच्या पत्तीचे कोपरे आधी पांढुरके पडतात, मग कडेला धागे सुटतात. शिवाय जिच्यावर पत्ती बसते त्या रबराच्या पातळ थरावर खड्डे किंवा चिरा पडल्या, तर नवी पत्ती टाकूनही हवा गळतच राहते. वरची वाकडी पोलादी पट्टी, जिला स्टॉपर म्हणतात आणि जी पत्तीला किती उघडायचे याची मर्यादा घालून देते, ती कोणी पकडीने ‘सरळ’ करून ठेवलेली असली तर पत्तीला हवे तितके उघडताच येत नाही. स्टॉपर सरळ करायचा नसतो. त्याची उंची मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

लोणावळ्याची म्हणून एक वेगळी तऱ्हा आहे, आणि ती पुण्याच्या पेठांत क्वचितच भेटते. इथे वर्षाला 4000 मिमीहून जास्त पाऊस पडतो. जूनमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी कित्येकदा थेट सप्टेंबरअखेर बाहेर निघते. मधल्या काळात मॅनिफोल्डमधले पेट्रोल उडून जाते आणि टू-टी ऑइलचा चिकट थर मागे राहतो. तो पत्ती बैठकीला चिकटवून टाकतो, किंवा मधे गोठून तिला मिटूच देत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला सोसत नाही, त्यामुळे बैठकीचे रबर फुगण्याची भर पडते. बाजारात मिळणाऱ्या हलक्या पोलादाच्या पत्त्यांना तर सरळ गंज चढतो. म्हणून मावळातल्या मालकांना माझा आग्रह आहे की पावसाळ्यासाठी गाडी उभी करायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे आणि मगच ताडपत्री टाकावी.

आता लक्षणांकडे. रीड नीट मिटत नाही तेव्हा दाबलेले मिश्रण कार्बोरेटरमधून उलटे बाहेर जाते. पुढच्या फेऱ्याला इंजिन तेच मिश्रण पुन्हा ओढते. एकच हवा जेटवरून दोनदा, तीनदा जाते आणि दर खेपेला तिच्यात पेट्रोल मिसळते. नवी हवा कमी, पेट्रोल जास्त. परिणामी प्लग ओला आणि काळा, धूर जाड, ॲव्हरेज घसरलेला, आणि मिस्त्रीची खात्री पटते की गाडी ‘जास्त पेट्रोल घेते’. त्याने पाहिलेले खरे असते, कारण चुकीचे असते. दोष जेटचा नाही, परतणाऱ्या हवेचा आहे. माझ्या मते रीडच्या बाबतीत गॅरेजे फसतात ती बहुतेक याच एका ठिकाणी.

किक मारताना क्रँक हळू फिरतो, त्यामुळे गळक्या रीडमधून सगळ्यात जास्त मिश्रण तेव्हाच परतते. गाडी किकने चालू होत नाही, पण उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडली की लगेच चालू होते, ही तक्रार ऐकली की रीडवर बोट ठेवायला हरकत नाही. गाडी स्लोवर उभी राहत नाही, सिग्नलला सतत रेस द्यावी लागते, हे दुसरे. एअर फिल्टर काढल्यावर त्याचा फोम तेलकट, पेट्रोलने भिजलेला निघणे, हे तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके लक्षण. फिल्टर मागून भिजतो, आणि मागून पेट्रोल येण्याला दुसरा रस्ता जवळजवळ नाही.

फिल्टर काढूनच एक परीक्षा करता येते. गाडी स्लोवर ठेवावी, लागेल तेवढी रेस धरावी, आणि कार्बोरेटरच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर पांढरा कागद धरावा. तोंडावर कागद टेकवायचा नाही, इंजिनाचा श्वास अडवायचा नाही. जवळ विडी-सिगारेट, ठिणगी काही नको. बाजूने उजेड पडत असेल तर कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर उसळणारे बारीक धुके डोळ्यांनी दिसते. दर फेऱ्याला एक फुत्कार. थोडक्याच वेळात कागदावर पेट्रोलचे गोल ठिपके पडतात आणि तेल सुकल्यावर त्यांच्या कडा उरतात. रेस वाढवली की धुके कमी होते आणि गाडी मोकळी चालते. चांगल्या रीडच्या गाडीत कागद कोरडा किंवा फार तर दमट राहतो.

पण एका लक्षणावर कोणाचेही भवितव्य ठरवू नये, रीडचेसुद्धा. सायलेन्सरमध्ये कार्बन साचला असेल तर तक्रार बरोबर उलट येते: खाली बरी चालते, वर जायला मागत नाही. मॅनिफोल्डच्या रबराला चीर असेल किंवा मॅग्नेटोकडचे क्रँकचे ऑइल सील गेले असेल तर गाडी फालतू हवा ओढते. तेव्हा प्लग पांढरा पडतो आणि रेस सोडली तरी आरपीएम लवकर खाली येत नाहीत. चालू गाडीच्या जोडावर साबणाचे पाणी शिंपडून स्लो बदलतो का, ते पाहावे. क्लचकडचे सील गेले असेल तर गिअरबॉक्सचे ऑइल जळते. धूर सतत, सगळ्या आरपीएमवर आणि जाड असतो, आणि गिअर ऑइलची पातळी आपोआप उतरलेली सापडते. रिंगा गेल्या असतील तर कॉम्प्रेशन कमी येते. हा मुद्दा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. रीड सिलिंडरमध्ये नसते, म्हणून रीड गेली तरी कॉम्प्रेशन गेज चांगलाच आकडा दाखवतो. कॉम्प्रेशन उत्तम, ठिणगी निळी, पेट्रोल येते, तरी किकने गाडी चालू होत नाही, असे असेल तर ब्लॉक उतरवायला कोणतेही कारण उरलेले नसते.

मुंबईहून येणाऱ्यांकडून आणखी एक स्पष्टीकरण ऐकू येते: लोणावळ्याची हवाच पातळ आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर आहे, आणि इथली हवा मुंबईपेक्षा साधारण सहा-सात टक्के विरळ असते. त्याने मिश्रण किंचित दाट होते, हे खरे. पण तो परिणाम हळूहळू वाढत जातो आणि सगळ्या आरपीएमवर सारखा जाणवतो. एका विशिष्ट वळणावर बुडून पुढच्या सरळीला पळणारी गाडी उंचीच्या नावावर सोडून देऊ नये.

शंका पक्की झाली की रीड ब्लॉक बाहेर काढावा. तो आधी रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवावा. चिकट पत्तीची परीक्षा खोटी निघते. मग तो खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून धरावा आणि कार्बोरेटरच्या बाजूने आत पाहावे. उतरत्या दोन बाजूंवर पत्त्या बसलेल्या असतात. चांगल्या ब्लॉकमध्ये आत काळोख असतो. थकलेल्या पत्तीच्या टोकाशी उजेडाची पांढरी रेघ दिसते, बहुधा मधोमध जाड आणि कोपऱ्यांकडे बारीक होत गेलेली. त्या रेघेत फीलर गेजचे पान घालून पाहावे. मर्यादा प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, पण 0.2 मिमीचे पान अडथळा न होता सरकत असेल, तर त्या पत्तीवर माझा भरवसा नसतो. नंतर नखाने प्रत्येक कड हळू उचलून सोडावी. ताठ पत्ती टचकन बसते, मेलेली आळसाने परतते. स्क्रूच्या डोक्याजवळ भिंग लावून तडा शोधावा. शेवटी कार्बोरेटरच्या बाजूने हातपंपाने हवा ओढून पाहावी. पत्त्या बैठकीला चिकटून पोकळी धरून राहायला हव्यात. काही जुने मिस्त्री हे तोंडाने ओढून करतात. ब्लॉक कितीही धुतला तरी पेट्रोलचा अंश राहतोच, तेव्हा तसे करू नये.

राजदूत 350 च्या मालकांना एक जास्तीची सोय आहे. दोन्ही सिलिंडरांना वेगळा कार्बोरेटर आणि वेगळा रीड ब्लॉक. एका बाजूचा प्लग काळा होत असेल तर दोन्ही रीड ब्लॉकांची अदलाबदल करावी. काळेपणा ब्लॉकसोबत दुसऱ्या बाजूला गेला तर दोष रीडचा; जिथल्या तिथे राहिला तर दुसरीकडे शोधावे. इतके स्वच्छ निदान एका सिलिंडरच्या गाडीत करता येत नाही.

कोपरा उडालेली पत्ती सापडली तर काम थांबवावे. नवी पत्ती घालून गाडी चालू करायची घाई करू नये. तो तुकडा कुठे आहे, हे आधी शोधायचे. रीड इंजिनाच्या आत उघडते, त्यामुळे तुटलेला तुकडा क्रँककेसमध्येच जातो, तिथून मिश्रणाबरोबर वर सिलिंडरमध्ये. फायबरचा असेल तर तो बहुधा चुरा होऊन बाहेर पडतो. पोलादाचा तुकडा पिस्टन आणि बोअरवर रेघा ओढतो, बेअरिंगमध्ये अडकला तर क्रँक खातो. अशा वेळी मात्र ब्लॉक उतरवावाच लागतो, आणि तिथे मी स्वतः तो उतरवायचा आग्रह धरीन.

नवी पत्ती कोणती घ्यावी यावर गॅरेजांत वाद चालतात. पुण्यात नाना पेठेत आणि दिल्लीच्या करोल बागेतून येणाऱ्या मालात सगळ्या प्रकारच्या पत्त्या मिळतात: पोलादी, फायबरच्या, कार्बन फायबरच्या. जाड, ताठ पत्ती वरच्या आरपीएमवर फडफडत नाही, पण खाली सहज उघडत नाही. पातळ पत्ती खाली चटकन उघडते आणि वर गोंधळते. ट्रॅकवर पळवणाऱ्याने काय घ्यावे तो त्याचा प्रश्न. भाजे-लोहगड, पवनानगर, तुंग-तिकोना या रस्त्यांवर ज्याची गाडी चढणार, त्याने मूळ जाडीचीच पत्ती घ्यावी. फायबरची चांगली पत्ती मिळाली तर मी पोलादाआधी ती निवडतो, तुटली तर नुकसान कमी म्हणून. पत्ती आणि स्टॉपर या दोन्हींचा एक कोपरा कापलेला असतो. ते कापलेले कोपरे एकमेकांवर यायला हवेत. पत्ती उलटी बसवून ‘ताठ’ करण्याचा जो जुना उपाय सांगतात, तो करू नये. स्क्रूंना थ्रेड लॉकरचा थेंब लावावा आणि ते एका बाजूने न आवळता आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. सुटलेला स्क्रूही त्याच वाटेने क्रँककेसमध्ये जातो.

या गाड्या रस्त्यावर राहाव्यात का, हा प्रश्न मी टाळणार नाही. टू-स्ट्रोक इंजिन न जळलेल्या मिश्रणाचा काही भाग थेट सायलेन्सरवाटे बाहेर सोडते, हा त्याच्या घडणीतलाच दोष आहे. 1996 आणि 2000 च्या प्रदूषण-निकषांनी या घराण्याचा शेवट जवळ आणला तो उगाच नाही. भुशी धरणाच्या वाटेवर रविवारी जी गर्दी उसळते तिच्यात निळा धूर सोडणारी गाडी मिरवणे मला शोभेचे वाटत नाही. पण जिची नोंदणी नव्याने झाली आहे, जी रस्त्यावर राहणारच आहे, तिचा धूर कमी करणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि गळकी रीड हे जास्तीच्या धुराचे सर्वांत स्वस्तात दूर होणारे कारण आहे.

या पानांची गरज आणखी एका कारणाने वाटली. तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात शिकणारी आजची मुले फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर तयार होतात. स्कॅनर लावून दोष वाचणे त्यांना सहज जमते. रीडला स्कॅनर नाही. तिची परीक्षा कान, नख, कागद आणि खिडकीतला उजेड यांनी होते, आणि ती ज्यांना येते ते मिस्त्री आता दुकाने मुलांकडे सोपवत आहेत. त्यांच्याकडचे शिकणे आजवर तोंडी चालले. कोणी लिहून ठेवले नाही. पुढची प्रकरणे त्यांच्या पद्धतीने, म्हणजे आधी तक्रार, मग परीक्षा, मग काम अशी मांडली आहेत. वाचकाने ती सुरुवातीपासून वाचायलाच हवीत असे नाही. आपल्या गाडीची तक्रार काढावी आणि तिथून सुरुवात करावी.

मात्र एक सूचना प्रत्येकाने गाडीला हात लावण्याआधी वाचावी, कारण ती ज्या धोक्याबद्दल आहे तो नवी रीड बसवल्यावरच सुरू होतो. जुन्या रीडमुळे गाडी जास्त पेट्रोल घेत होती, म्हणून आधीच्या कोणी तरी जेट लहान केलेले असते, नीडल खाली केलेली असते. रीड घट्ट बसली की हवा परतणे थांबते आणि तेच लहान जेट आता इंजिनाला कमी पेट्रोल देते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच थंडावा जातो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून भरत असाल तर ऑइलही त्याच मापात कमी होते. सपाटीवर गाडी कधी नव्हे इतकी चपळ वाटते, मालक खूश होऊन खोपोलीला उतरतो आणि परतीच्या चढात, पूर्ण रेसमध्ये, पिस्टन धरतो. तेव्हा रीड बदलल्यावर कार्बोरेटर उघडून जेटचे नंबर वाचा, मॅन्युअलमधल्या नंबरांशी ताडून पाहा, मूळ जेट परत बसवा, नीडलची क्लिप मूळ खाचेत आणा. वीसेक किलोमीटर सपाटीवर चालवून प्लग काढा. त्याचे टोक विटकरी-तपकिरी आले तर घाटाला लागा. पांढरे आले तर लागू नका, जेट एक नंबर मोठे करून पुन्हा पाहा.